उजव्या खांद्यावरचा पदर

भवानीपूर, कलकत्ता
३ मार्च १९७४

दादा,

वर शिरसाष्टांग वगैरे काही लिहीत नाही. सोळा वर्षं आपण बोललो नाही, आता एकदम पाया कुठून पडू? आईच्या तेराव्याला भांडून तू जिना उतरलास आणि नागपूरची गाडी पकडलीस, त्यानंतर तुझं अक्षर मी पाहिलं नाही. हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. मंदाताईबद्दल आहे.

आमच्या शाळेत इतिहासाला सुचित्रा म्हणून बाई आहे. बराकपूरहून रोज लोकलनं सियालदहला येते आणि वर मलाच विचारते, 'कालिंदी, आज दमलेली का दिसतेस?' तिचा भाऊ अमेरिकेत एका ग्रंथालयात आहे. लढाईच्या वेळी बराकपूरला अमेरिकन विमानदळ होतं ना, त्यातला एक सैनिक चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आला आणि सुट्टीच्या दिवशी कलकत्ताभर रंगीत फोटो काढत हिंडला. कागदावरचे नव्हेत, पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या इवल्या काचा असतात तसले, प्रोजेक्टरवर लावायचे. तो वारला. घरच्यांनी पेटी ग्रंथालयाला दिली. चौकटींवर 'कलकत्ता' यापलीकडं अवाक्षर नाही. कुठला रस्ता, कुठली इमारत, हे सांगणारं कुणीतरी हवं, म्हणून पेटी सुचित्राकडं आली आणि सुचित्रानं मला धरलं. मी भूगोलाची, जन्म इथला, आणि तिच्या मते माझी जीभ मोकळी असते तेव्हा पायही मोकळेच असतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही हॉलचे पडदे ओढून भिंतीवर फोटो पाडतो. दादा, काय रंग आहेत रे! आपलं बालपण मला नेहमी करड्या रंगात आठवायचं, कारण फोटो तसलेच. इथं ट्राम हिरवी आहे, कुलींची पागोटी लाल आहेत, व्हिक्टोरिया मेमोरियलला बॉम्बच्या भीतीनं काळं फासलेलं आहे. मी भराभर नावं सांगत होते, सुचित्रा लिहून घेत होती. मग एक गल्ली आली. टोकाला नदीचा उजेड, एका अंगाला लोखंडी कठड्याची गच्ची, आणि गच्चीत एक बाई. अंगावर मोरपंखी इरकली लुगडं, डाळिंबी काठाचं.

ते आईचं लुगडं होतं. मी ते ओळखणार नाही तर कोण? बेचाळीसच्या डिसेंबरात जपान्यांचे बॉम्ब पडले, तू मला आणि आईला हावड्याहून नागपूरच्या गाडीत कोंबलंस, तेव्हा आईनं ट्रंकेतून ते काढून ताईला दिलं. 'थंडीत अंगाभोवती घे' म्हणाली. महिन्याभरात तुझी तार आली की मंदाला टायफॉईड झाला, गेली. पुढं आम्ही परत आल्यावर तूच आईला सांगितलंस की तेच लुगडं नेसवून तिला नीमतल्याच्या घाटावर नेलं. आईला त्या एका गोष्टीचं समाधान होतं. मरेपर्यंत तेच बोलत होती.

चेहरा नीट पाहायला पुढं गेले आणि वीज गेली. इथं आता रोजच जाते. दोन तास अंधारात बसलो, आली नाही. म्हणून तुला विचारते. तसलं लुगडं कलकत्त्यात दुसऱ्या कुणाकडं असेल का रे?

कालिंदी


२४ मार्च १९७४

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सोळा वर्षं ओळ नाही, आणि आता आठवड्याच्या आत उत्तर! 'सारखी माणसं असतात, सारखी लुगडी तर ढिगानं असतात. जुनं उकरू नकोस.' बरं बाबा, नाही उकरत. उकरण्यासारखं काही राहिलंच नाही.

काल वीज होती. फोटो पुन्हा लावला. बाई गुजराती आहे. पदर उजव्या खांद्यावर आहे तिचा, गुजराती बायका घेतात तसा. हे माझ्या नाही, सुचित्राच्या लक्षात आलं. तिनं काठी लावून भिंतीवर दाखवलं आणि म्हणाली, 'बघ, तुझी बर्गी नाही ही.' बंगाली लोक आपल्याला चिडवायला बर्गी म्हणतात, मराठे इथं लुटायला यायचे त्याची आठवण अजून ठेवून आहेत. मी हसले. हसले खरी, पण घरी येऊन जेवले नाही.

तुला खरं सांगू? मला हलकं वाटायला हवं होतं. उलट असं झालं की ताई दुसऱ्यांदा गेली. त्या बाईची उभी राहण्याची ढब, एका पायावर भार टाकून, हनुवटी वर. कुणी हाक मारली तर 'काऽऽय' म्हणून खेकसायच्या आधी ताई अगदी तशी उभी राहायची. चेहरा निम्मा सावलीत आहे. आपल्या घरात ताईचा एक फोटो असता, तर शेजारी धरून पाहिला असता. पण तू सगळे जाळलेस. त्यावरूनच तर आपलं तेराव्याला वाजलं. आई जाताना म्हणाली, 'मंदाचा चेहरा आठवेनासा झालाय गं, एखादी तसबीर दाखव.' मी कुठून दाखवू? आजाऱ्याचे कपडे जाळतात, अंथरूण जाळतात, फोटो कोण जाळतं रे? तेव्हाही विचारलं होतं, उत्तर दिलं नाहीस.

असो. गल्ली कुठली तेही लागत नाही. टोकाला नदी म्हणजे उत्तरेचा भाग, पण गच्चीचं घर डाव्या हाताला आणि देऊळ उजव्या हाताला अशी गल्ली शोभाबाजारला नाही, आहिरीटोल्याला नाही. आम्ही दोघी दोन रविवार उन्हात फिरलो. कोपऱ्यावर दुकानाची पाटी आहे, तीही अंधुक. बंगाली बाईला बंगाली पाटी वाचता येईना! तिनं दोष फोटोवाल्याला दिला, मी तिच्या चष्म्याला.

तुझा वेळ घेतला. वहिनींना नमस्कार सांग.

कालिंदी


२१ एप्रिल १९७४

दादा,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'बरं झालं गुजराती निघाली, आता तो नाद सोड.' तुला एवढं बरं का वाटलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मूर्ख.

काल पेटी परत पाठवायची म्हणून फोटो शेवटचे पाहत होतो. गच्चीचा फोटो लावला. मी म्हटलं, सुचित्रा, प्रोजेक्टर जरा मागं सरकव, मोठा कर. गच्चीचा कठडा जाळीचा आहे, जाळीतून बाईचे पाय दिसतात. पायांमधून काष्टा मागं गेलेला दिसतो, स्वच्छ. मी बसल्या जागी ओरडले. काष्टा घातलेली आणि पदर उजव्या खांद्यावर? आपल्याकडं अशी बाई अजून जन्माला यायची आहे. आणि गुजरातणीला काष्टा कुणी शिकवला?

सुचित्रा घाबरून म्हणाली, 'काय झालं?' म्हटलं, काच काढ, पालथी कर, मग घाल. ती चौकट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते रे. आम्ही उलटी घातली होती. पहिल्याच दिवशी उलटी घातली आणि तशीच उलटी काढून तशीच घालत राहिलो. दोन मास्तरणी! पोरींना अशी चूक केली तर पट्टी मारतो आम्ही.

पालथी केली आणि सगळं जाग्यावर आलं. घर उजव्या हाताला गेलं, देऊळ डाव्या हाताला. पाटीकडं पाहून सुचित्रा म्हणाली, 'अगं, हे तर बागबाजार. घाटाकडं उतरणारी गल्ली. या दुकानात माझ्या आत्याचं लग्नाचं कापड घेतलं होतं.' आणि पदर डाव्या खांद्यावर आला. चेहऱ्याची उजेडातली बाजू आता माझ्या ओळखीची झाली. ती ताई आहे, दादा. डावा हात पदरात गुंडाळून उभी आहे आणि फोटो काढणाऱ्याकडं बघून हसते आहे.

तो माणूस चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आला. ताई त्रेचाळीसच्या जानेवारीत गेली. मी तिचं सुतक पाळलं आहे. तिच्या नावानं दर वर्षी सर्वपित्रीला पान वाढलं आहे, आधी आईनं, मग मी. मी वाढत होते ते कुणाला?

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे, तुला माहीत आहे. पण कालपासून घरात दिवा लावला की मला दाराकडं पाठ करून बसवत नाही. मला भीती मेलेल्या ताईची वाटत नाही. ती जिवंत होती आणि आम्हाला भेटली नाही, याची वाटते. काय केलं होतं आम्ही तिचं? मी काय केलं होतं?

यावर कार्ड पाठवू नकोस. पत्र लिही.

कालिंदी


१९ मे १९७४

दादा,

तुझी तार मिळाली. रेल्वेचा संप, टपाल ठप्प, तरी तार बरोबर पोचली. 'जाऊ नकोस.' बस, एवढंच.

तुला कळतंय का तू काय केलंस? तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की तीस वर्षांपूर्वीचा फोटो, त्यानंतर काय झालं असेल कुणास ठाऊक, घर तरी असेल की नाही. जिथं कुणी नाही तिथं जाऊ नकोस अशी तार कुणी करत नाही. ती तिथंच आहे हे मला फोटोनं सांगितलं नाही, तू सांगितलंस.

गाड्या बंद म्हणून सुचित्रा माझ्याकडंच राहते आहे. गुरुवारी आम्ही ट्रामनं बागबाजारला गेलो. मराठ्यांना अडवायला खंदक खणला तो इथूनच सुरू व्हायचा, हे तिनं वाटेत सांगितलं. मला धीर द्यायला बोलत होती बिचारी, तिला दुसरं काही सुचलं नसेल. गल्ली सापडली. देऊळ डावीकडं. कापडाचं दुकान आता औषधांचं झालं आहे. घर तसंच आहे, कठडा तोच, फक्त हिरव्या खिडक्यांचा रंग उडालाय. गच्चीत एक पांढरं पातळ वाळत होतं.

मी समोरच्या ओट्यावर बसले. सुचित्रा म्हणाली, 'चल की वर.' मला उठवेना. भवानीपूर ते बागबाजार, एकाच गावात, एकाच ट्रामच्या मार्गावर. मी या गल्लीच्या तोंडावरून कितीदा गेले असेन. पोरींना घेऊन घाटावर सहलीला आले आहे मी. ती गच्चीत उभी असेल तेव्हा? तिनं पाहिलं असेल? पाहून आत गेली असेल?

मी घरी परत आले. पण तुझं ऐकून नव्हे.

तू सांगत नाहीस, तर मी तिलाच विचारणार आहे.

कालिंदी


२ जून १९७४

दादा,

काल गेले होते. एकटीच गेले.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. प्रेमलता नाव, पूर्वी नर्स होत्या. बंगालीत म्हटलं, जुन्या फोटोंवरून घरं ओळखायचं काम करतो आम्ही, या फोटोत तुमचं घर आहे का बघा. पेटीतून तेवढी मागं ठेवलेली ती काच त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा वर केला आणि एकदम ओरडल्या, 'ओ मा! ए तो आमादेर मोंदा!' अरे, ही तर आपली मंदा. मग आतल्या खोलीकडं वळून जोरात सांगितलं, मंदा, तुझा फोटो आलाय, साहेबानं काढला होता तो.

आतून आवाज आला, 'काऽऽय?'

प्रेमलतादी मला पाणी देता देता कौतुकानं बोलत होत्या. हिच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, उजेड तेवढा कळतो. रोग बरा होऊन पंचवीस वर्षं झाली, पण हातांतली संवेदना गेली ती गेलीच. घरचं कुणी नाही का, म्हणून विचारलं. आहे की, म्हणाल्या, भाऊ आहे, देवमाणूस. दर वर्षी दिवाळीनंतर नागपूरहून येतो, चार दिवस राहतो. धाकटी बहीण पुण्याला असते. मोठं घर, नवरा इंजिनियर, दोन मुलगे. मंदा सगळ्या गल्लीला तिच्या गोष्टी सांगते.

दर वर्षी येतोस. चार दिवस राहतोस. माझ्या घरापासून ट्रामच्या अंतरावर. मी आत्ता शिव्या देत नाही, कारण दिल्या तर हे पत्र पुरं होणार नाही.

मी आत गेले. पलंगावर बसली होती. केस पांढरे, बोटं आत वळलेली, पण हनुवटी तीच. मी मराठीत म्हटलं, 'ताई.'

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाली, 'कालिंदी? दादानं आणलं तुला?'

'नाही गं. माझी मीच आले.'

'पुण्याहून? एकटी?' आणि रडायलाच लागली. मीही रडले. आम्ही दोघी लहानपणी रडायचो तशा, नाक ओढत, तोंड वाकडं करून रडलो. प्रेमलतादी दारात उभ्या राहून रडल्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

मग तिनं सांगितलं. तू सांगितलं नाहीस ते. आम्ही गेल्यावर हातावरचा डाग तू डॉक्टरला दाखवलास, आणि तो म्हणाला रक्तपिती, महारोग. ताई म्हणाली, 'दादा तर कोसळलाच. मीच त्याला म्हटलं, कालिंदीला सांगून येतंय, घरात रक्तपिती आहे कळलं तर तिला कोण करून घेईल? मला या नर्सबाईंकडं ठेव आणि मी मेले म्हणून सांग. तो नाही म्हणत होता, मी शपथ घातली. फोटोही मीच जाळायला लावले, कुणी पाहून विचारायला नको म्हणून. एक आईचं लुगडं तेवढं दिलं नाही.'

दादा, माझं ते स्थळ मोडलं. बहीण अशी अचानक गेली, घराला काही दोष असेल, म्हणाले. तुझ्यासमोरच मोडलं. पुढं आई अंथरुणाला खिळली, मी शाळेत लागले, राहिलं ते राहिलं. हे सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणणार होते, ताई, तू उगाच मेलीस गं.

तेवढ्यात तिनं हात पुढं केला आणि माझ्या गळ्याशी चाचपू लागली. मंगळसूत्र शोधत होती. माझ्या गळ्यात साधी सोन्याची साखळी आहे, आईची. तिची बोटं साखळीवरून फिरली. त्यांना काही कळत नाही, दादा. मणी आहेत की नाहीत, वाट्या आहेत की नाहीत, काहीच कळत नाही. तिनं मलाच विचारलं, 'दोन वाट्यांचं केलंय ना? आईसारखं?'

मी म्हटलं, 'हो.'

'मुलांना का नाही आणलंस?'

'परीक्षा आहेत गं.'

जूनमध्ये कसल्या परीक्षा! मी मास्तरीण, आणि तोंडातून हे निघालं. पण तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. म्हणाली, 'माझं सोनं झालं बघ. कुणाचं मरण इतकं कामी येतं?'

तुला मी मनात काय काय म्हटलं आहे या तीन महिन्यांत, ते सगळं खरं होतं, आणि अजूनही खरं आहे. मला तू माझ्या बहिणीपासून एकतीस वर्षं तोडलंस. पण तिथं बसल्यावर मला हेही कळलं की दर दिवाळीला तू तिथं बसून काय करत होतास. मीही काल तेच केलं, आणि तुझ्याइतकं चांगलं मला जमलं नाही.

निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. म्हणाली, 'तुझ्या लग्नात मी नव्हते. सगळ्यांनी तुला नाव घ्यायला लावलं असेल, मी तेवढी राहिले. आता घे ना उखाणा. माझ्यासाठी एकदा.' मी म्हटलं, 'इश्श, आता या वयात?' ती खदखदा हसली, अगदी पूर्वीसारखी. 'लाजतेस अजून! बरं, रविवारी येशील तेव्हा घे. तोवर जुळवून ठेव.'

मी हो म्हणून आले आहे.

आल्यावर सुचित्राला सगळं सांगितलं. ती म्हणाली, खरं सांगून टाक. सांगायला सुचित्राचं काय जातंय. मी सांगणार नाही. जोवर ताई आहे तोवर माझं पुण्याला घर आहे, मला दोन मुलगे आहेत, सुट्टीत मी कलकत्त्याला येते. यमक मी जुळवीन, त्यात काही कठीण नाही.

फक्त तार कर, दादा. माझ्या नवऱ्याचं नाव तू तिला काय सांगितलं आहेस?

कालिंदी